सफारीचें ओझें

‘सफर’ हा शब्द मराठी माणसास परका नाहीं. अरबी भाषेंतून फारशींत आणि फारशींतून मराठींत अशी त्याची स्वतःचीच एक लांबलचक सफर झालेली आहे. त्याच अरबी शब्दाचें दुसरें अपत्य म्हणजे ‘सफारी’. अरबांच्या गलबतांबरोबर तें आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरलें, स्वाहिली भाषेंत रुळलें आणि तेथून इंग्रजांनीं उचलून जगभर नेलें. आज एखाद्या सुखवस्तु घरांत सुटीच्या प्रवासाचा बेत चालला असतां कोणीं टांझानियाचें नांव काढलें, तर ह्या शब्दासरशी डोळ्यांपुढें उभी राहते ती उघड्या टपाची मोटार, गळ्यांतील दुर्बीण आणि सेरेंगेटीच्या गवतांत पहुडलेला सिंह. मूळ स्वाहिलींत मात्र सफारी म्हणजे केवळ प्रवास. आणि एकोणिसाव्या शतकांत त्या प्रवासास निघालेला माणसांचा तांडा असाहि त्याचा अर्थ असे. त्या तांड्यांत पाहण्याजोगी वस्तु एकच होती, ती म्हणजे माणसांच्या डोक्यांवरील व खांद्यांवरील ओझें.

माणसांच्याच डोक्यांवर कां, असा प्रश्न कोणासहि पडेल. हिंदुस्थानांत बैल होते, अरबस्तानांत उंट होते; मग आफ्रिकेंत माल वाहून नेण्यास माणूस कां लागावा? ह्याचें उत्तर एका माशीपाशीं आहे. ‘त्सेत्से’ नांवाची ही माशी दिसावयास घरांतल्या माशीहून फारशी मोठी नसते; परंतु तिच्या दंशानें घोडे, बैल, उंट हे झिजून झिजून मरतात. ह्या रोगाचे सूक्ष्म जंतु जनावरांच्या रक्तांत असतात, हें डेव्हिड ब्रूस ह्या सर्जनानें इ. स. १८९५ च्या सुमारास दाखवून दिलें. पण तें कळण्यापूर्वीं कित्येक शतकें लोकांनीं आपला निष्कर्ष काढून ठेवलेला होता. किनाऱ्यापासून टांगानिका सरोवरापर्यंतच्या वाटेवर जनावराचा भरंवसा धरावयाचा नाहीं, हा तो निष्कर्ष. डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्याच्यासारख्या अनुभवी प्रवाशानेंहि तो एकदां मोडून पाहिला. इ. स. १८६६ च्या आपल्या अखेरच्या प्रवासांत त्यानें उंट, पाळलेल्या म्हशी, खेंचरें आणि गाढवें बरोबर घेतलीं होतीं. रानरेड्यास त्या माशीची बाधा होत नाहीं, तेव्हां म्हशीसहि होऊं नये, अशी त्याची अटकळ होती. माशी आणि बरोबरच्या शिपायांची निर्दय वागणूक ह्या दोहोंपुढें जनावरें टिकलीं नाहींत. कांहीं महिन्यांतच सामान पुन्हां माणसांच्या डोक्यावर आलें.

अशा मुलखांत जाण्याची तयारी म्हणजे काय, हें हेन्री मॉर्टन स्टॅन्ले ह्या वार्ताहराच्या हकीकतीवरून फार चांगलें समजतें. हरवलेल्या लिव्हिंग्स्टनच्या शोधार्थ तो इ. स. १८७१ च्या आरंभीं झांझिबार बेटावर उतरला. हातांत पैसा भरपूर होता. पण किती माणसें घ्यावीं, किती कापड घ्यावें, मणी कोणत्या रंगाचे घ्यावे, हें त्याला ठाऊक नव्हतें, आणि आधींच्या इंग्रज प्रवाशांच्या जाड जाड ग्रंथांतहि तें कोठें सांपडेना. ग्रंथकारांनीं अक्षांश-रेखांश नोंदले होते. रोजचा शिधा कसा मिळतो हें नोंदण्याची त्यांस आवश्यकता वाटली नव्हती. अखेर झांझिबारच्या एका अरब व्यापाऱ्यानें स्टॅन्लेला हिशेब शिकविला. शंभर माणसांच्या पोटास दररोज १० डोटी, म्हणजे ४० यार्ड कापड पडतें. आंतल्या प्रदेशांत नाणें चालत नसे. कापड हेंच तेथील नाणें. मणी ही मोड, आणि पितळेची तार हें जणुं सोनें. त्यांतहि एका जमातीस लाल मणी प्रिय, तर दुसऱ्या जमातीस तेच फुकट दिले तरी नकोत. चुकीच्या रंगाचीं पोतीं घेऊन निघालेला प्रवासी भरल्या सामानाशीं उपाशी मरावयाचा.

हें कापड कोठून येई? ‘मेरिकानी’ नांवाचें जाडेंभरडें पांढरें कापड अमेरिकेंतून येई, म्हणून त्याचें नांव तसें पडलें. ‘कानिकी’ नांवाचें निळें कापड हिंदुस्थानांतून जाई. ह्या मालाचीं कोठारें झांझिबारांत बहुतांशीं कच्छी व गुजराती व्यापाऱ्यांच्या हातीं होतीं. तांड्यांना उधारी देणारेहि तेच. परतीच्या वाटेनें हस्तिदंत येई, आणि त्यांतला पुष्कळसा मुंबई बंदरांत उतरे. बायकांच्या हातांतील हस्तिदंती चुडे आणि टांगानिकाच्या कांठचे हत्ती ह्यांचा संबंध असा होता, व त्या दोहोंच्या मधल्या सगळ्या वाटेवर माणसाचें डोकें होतें.

एका भारवाह्याचें ओझें ठरलेलें असे. ३५ पौंडांचा एक ‘फ्रासिला’. असे दोन फ्रासिले, म्हणजे ७० पौंड, ही सामान्य मर्यादा. शिवाय त्याची स्वतःची चटई, भांडें आणि शिधा निराळा. स्टॅन्लेचें सामान सुमारें सहा टन होतें, आणि सर्व मिळून १९२ माणसें पांच तुकड्या करून निघालीं. ह्यांतील पुष्कळसे भारवाही न्यामवेझी जमातीचे होते. हे गुलाम नव्हते, ही गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. कारण साखळदंडांनीं बांधलेले गुलामांचे तांडेहि त्याच वाटेनें चालत, आणि पुढील काळांतील चित्रांनीं दोहोंची गल्लत करून टाकली आहे. न्यामवेझी तरुण पिकें हातीं आल्यावर, कोरड्या दिवसांत, मजुरी ठरवून किनाऱ्यास येई, आणि पाऊस पडण्यापूर्वीं पेरणीसाठीं घरीं पोंचण्याची खटपट करी. किनारा पाहून आल्यावांचून त्याला गांवांत पुरा पुरुष समजत नसत. तांड्याच्या अग्रभागीं ‘किरांगोझी’, म्हणजे वाटाड्या, निशाण घेऊन चाले, आणि त्याच्यापुढें जाणाऱ्यास दंड होई. पाणी कोणत्या पडावावर आहे, उगोगोच्या मुलखांत कोणत्या सरदाराला किती ‘होंगो’, म्हणजे जकात, द्यावी लागेल, आणि कोठें थांबलें असतां माणसें पळून जातील, हें सारें ज्ञान त्याच्या डोक्यांत असे. नकाशा साहेबाच्या पेटींत असे, आणि ती पेटीहि कोणाच्या तरी डोक्यावरच असे!

ह्या वाटाड्यांत व मुकादमांत कांहीं माणसें हिंदुस्थानी बोलणारीं होतीं. सीदी मुबारक हें त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नांव. लहानपणीं पकडला जाऊन गुलाम म्हणून तो हिंदुस्थानांत आणला गेला, धनी वारल्यावर मुक्त झाला, आणि आफ्रिकेंत परतला तो ‘बॉम्बे’ हें टोपणनांव घेऊन. इ. स. १८५७ सालीं बर्टन व स्पीक हे सरोवरांच्या शोधार्थ निघाले, तेव्हां स्पीकचें त्याच्याशीं बोलणें चाले तें हिंदुस्थानींत. पुढें स्पीक व ग्रँट, त्यानंतर स्टॅन्ले, त्यानंतर आफ्रिका आरपार ओलांडणारा कॅमेरन, ह्या सर्वांच्या मोहिमांत हा मनुष्य होता. नाईलच्या उगमाचा शोध कोणी लावला ह्याविषयीं बर्टन आणि स्पीक ह्यांचें जन्माचें वैर झालें. दोघांसहि वाटेंत सांभाळणारा सीदी मुबारक त्या वादांत कोणासच आठवला नाहीं. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें त्याला इ. स. १८७६ सालीं रौप्यपदक व निवृत्तिवेतन दिलें, एवढें मात्र झालें.

परंतु महाराष्ट्रास ह्याहून जवळचा असा एक धागा आहे, आणि तो नाशकास जाऊन पोंचतो. नाशिकचा शरणपूर रस्ता पुष्कळांच्या पायांखालचा असेल. ह्या शरणपुराची वसाहत विल्यम सॉल्टर प्राइस नांवाच्या मिशनऱ्यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसविली. इंग्रजी आरमाराच्या नौका अरबी समुद्रांत गुलामांचीं गलबतें पकडीत, आणि त्यांतून सुटलेलीं आफ्रिकी मुलें मुंबईस आणून सोडीत. त्यांतील कित्येकांस शरणपुरांत ठेवून लिहिणें-वाचणें, सुतारकी, लोहारकी इत्यादि शिकविण्यांत येई. आपलें गांव कोठें होतें हें ह्या मुलांपैकीं बहुतेकांस धड आठवतहि नसे. गोदावरीच्या कांठीं तीं वाढलीं. इ. स. १८६५ सालीं लिव्हिंग्स्टन मुंबईस आला असतां त्यानें नाशकास जाऊन ह्यांतील आठ-नऊ तरुण आपल्याबरोबर घेतले. इंग्रजी लेखांत त्यांस ‘नाशिकचीं पोरें’ म्हटलेलें असतें. तीं सगळींच चिकाटीचीं निघालीं असें नाहीं. कांहीं वाटेंतच सोडून गेलीं, आणि लिव्हिंग्स्टननें त्यांजवर आपल्या रोजनिशींत बराच राग काढला आहे. ज्या मुलखांतून एकदां चोरून नेलें, त्याच मुलखांत परत आल्यावर एखाद्याचे पाय तेथेंच रेंगाळले, तर त्यास कृतघ्न म्हणण्यापूर्वीं थोडें थांबावें लागतें.

जेकब वेनराइट हा त्यांच्यानंतरच्या तुकडींतील. लिव्हिंग्स्टनला स्टॅन्लेनें जी माणसें इ. स. १८७२ सालीं पाठविलीं, त्यांत शरणपुरांत शिकलेला हा तरुण होता. ता. १ मे १८७३ रोजीं, आज झांबिया देशांत असलेल्या चितांबो ह्याच्या गांवीं लिव्हिंग्स्टनला मरण आलें. तेथें एकहि युरोपियन नव्हता. त्याला तेथेंच पुरून आपापल्या घरीं जाण्यास कोणाचीहि आडकाठी नव्हती. उलट तेंच शहाणपणाचें होतें. मृतदेह घेऊन चालणारा तांडा हा त्या मुलखांत अशुभ समजत. गांवोगांव तंटा होण्याचें, दंड भरावे लागण्याचें, जिवावर बेतण्याचेंहि भय होतें. सूसी आणि चूमा ह्या दोन जुन्या सेवकांच्या पुढारपणाखालीं त्या माणसांनीं बसून विचार केला, आणि देह किनाऱ्यास न्यावयाचा असें ठरविलें. आफ्रिकेंतील प्रवासाचे जेवढे बेत इतिहासांत नमूद आहेत, त्यांत ह्याच्या तोडीचा बेत दुसरा नाहीं.

तयारीहि त्यांनीं तशीच केली. काळीज एका झाडाखालीं पुरलें. जेकबनें प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर नांव कोरलें. मृताच्या सामानाची यादी त्यानें केली, ती पुढें कोणी चोरीचा आळ घेऊं नये म्हणून. मीठ घालून देह चौदा दिवस उन्हांत वाळविला. नंतर कापडांत, मग झाडाच्या सालींत आणि वरून शिडाच्या कापडांत गुंडाळून तो एका वांशाला बांधला. साठांवर माणसें निघालीं. ताबोराजवळ त्यांची कॅमेरनच्या मोहिमेशीं गांठ पडली. देह येथेंच पुरा, असा सल्ला त्या इंग्रज अधिकाऱ्यानें दिला. तो त्यांनीं विनयानें ऐकला आणि मानला नाहीं. पुढें वाटेंतील लोक प्रेत जाऊं देईनात, तेव्हां त्यांनीं एक युक्ति केली. काटक्यांचें एक प्रेताएवढें बोचकें बांधून तें पुरण्यासाठीं परत पाठवीत आहोंत असा देखावा केला, आणि खरा देह आंखूड करून व्यापारी कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधला. ज्या कापडाच्या गठ्ठ्यांवर त्या देशांतला सगळा प्रवास चाले, त्याच गठ्ठ्याच्या रूपानें लिव्हिंग्स्टन हजार मैलांहून अधिक वाट चालून इ. स. १८७४ च्या फेब्रुवारींत बागामोयोस पोंचला.

तेथें इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीनें देह ताब्यांत घेतला, आणि माणसांना पगार देऊन मोकळें केलें. जेकब तेवढा मिशनच्या खर्चानें शवाबरोबर इंग्लंडास गेला, आणि ता. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबेंतील अंत्यविधीच्या वेळीं शवपेटी धरणाऱ्यांत त्याला जागा मिळाली. सूसी आणि चूमा ह्यांना मागाहून एका स्नेह्यानें स्वतःच्या खर्चानें नेलें. तोंवर दफन होऊन गेलें होतें. ह्या सर्व माणसांसाठीं रौप्यपदकेंहि पाडण्यांत आलीं, परंतु तोंपर्यंत बरीचशीं आपापल्या वाटेनें पांगलीं होतीं. चूमा पुन्हां तांड्यांचा मुकादम झाला. इ. स. १८७९ सालीं जोसेफ टॉम्सन ह्या एकवीस वर्षांच्या पोरसवदा भूगर्भवेत्त्याचा वरिष्ठ वाटेंतच वारला, तेव्हां तो सगळा तांडा पार पाडण्यास चूमाचाच आधार झाला. जेकबची रोजनिशी आजहि जपून ठेवलेली आहे.

पुढें लोखंडी रूळ आले. मोंबासाहून इंग्रजांनीं इ. स. १८९६ सालीं रेल्वे घालण्यास आरंभ केला. तीवर तीस हजारांहून अधिक हिंदी मजूर होते, त्यांतले बहुतेक पंजाबकडचे. सुमारें अडीच हजार तेथेंच मेले. इ. स. १८९८ मधील त्सावोच्या दोन नरभक्षक सिंहांच्या कथा सर्वश्रुत आहेत, तेव्हां त्या येथें सांगण्याचें कारण नाहीं. रोगानें मेलेल्यांच्या कथा मात्र कोणीं लिहिल्या नाहींत. जर्मनांच्या ताब्यांतील टांगानिकांत दारेस्सलामहून निघालेली रेल्वे इ. स. १९१२ सालीं ताबोरास आणि १९१४ सालीं सरोवराकांठीं किगोमास पोंचली. बागामोयोची जुनी वाट ओस पडली.

भारवाह्याचें काम आतां संपलें, असें वाटावें तोंच महायुद्ध सुरू झालें. रुळांपासून दूर, रानावनांतून सैन्यें एकमेकांच्या पाठीस लागलीं. घोडीं व खेंचरें त्याच जुन्या माशीनें मारलीं. आणि पुन्हां माणसांच्या डोक्यांवर तोफगोळे व पीठ चढलें. ह्या वेळीं मजुरी ठरवून, पेरणीचा हंगाम सांभाळून कोणी आलें नव्हतें. सक्तीनें धरून आणलेलेच फार. इंग्रज बाजूचे ९५ हजारांवर भारवाही भूक, हगवण आणि ताप ह्यांनीं मेले. त्यांच्या पलटणीस ‘कॅरिअर कोर’ म्हणत. दारेस्सलामचा गजबजलेला बाजार ‘कारियाकू’ आणि नैरोबीचा ‘कारियोकोर’ हीं त्याच नांवाचीं स्वाहिली रूपें होत. आज तेथें भाजी व कापड घेणाऱ्यांच्या तोंडीं तें नांव रोज येतें.

दरम्यान सफारी ह्या शब्दास हौसेचा अर्थ चिकटूं लागला होता. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट इ. स. १९०९ सालीं मोंबासास उतरले, आणि सफारीस निघाले ते दोनशेंहून अधिक भारवाही, कातडीं टिकविण्यासाठीं चार टन मीठ आणि एका हमालाच्या ओझ्याइतकी ग्रंथांची एक पेटी घेऊन. त्यांनीं व त्यांच्या मुलानें मिळून ५१२ जनावरें मारलीं. त्यांतील बहुतेक विज्ञानासाठीं, असें ते सांगत. त्यानंतर नैरोबीच्या कंपन्या सारी सफारी बांधून देऊं लागल्या, आणि मोटार आल्यावर शिकारीस चालण्याचेहि श्रम उरले नाहींत. मोटारींतून बसल्याबसल्या सेरेंगेटीचे सिंह मारण्याची इतकी बजबजपुरी माजली कीं, डेनिस फिंच हॅटन ह्यानें, जो स्वतः शिकाऱ्यांचा वाटाड्या होता त्यानें, इ. स. १९२९ सालीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांतून तिचा धिक्कार केला. बंदुकीची जागा हळूहळू कॅमेऱ्यानें घेतली. इ. स. १९५१ सालीं सेरेंगेटी हें राष्ट्रीय उद्यान झालें.

ह्या उद्यानाचेंहि एक ओझें होतें, आणि तें मसाई लोकांवर पडलें. त्या मैदानाचें नांव त्यांच्याच भाषेंतलें. गुरें चारीत तेथें ते राहत आले होते. उद्यान झालें तरी तुम्हांस हालवणार नाहीं, असें त्यांस प्रथम सांगण्यांत आलें, इ. स. १९५८ मध्यें त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून करारावर निशाण्या घेण्यांत आल्या, आणि पुढील वर्षीं त्यांस उद्यानांतून उठवून शेजारच्या न्गोरोंगोरोच्या मुलखांत पाठविण्यांत आलें. तेथूनहि मसाई कुटुंबांस दूर हांडेनीकडे नेऊन वसविण्याचें काम टांझानिया सरकारनें २०२२ पासून हातीं घेतलें; तें राजीखुशीनें चालल्याचें सरकार म्हणतें, आणि पुष्कळ मसाई तें नाकारतात. जीपमधून दिसणारें तें अफाट, निर्मनुष्य गवत निसर्गानें निर्मनुष्य ठेवलेलें नाहीं, इतकें तेथें जाणाऱ्यास ठाऊक असावें.

आजच्या प्रवाशाचा बेत सोपा आहे. जानेवारी ते मार्च ह्या काळांत नू जातीच्या हरणांचे कळप सेरेंगेटीच्या दक्षिण भागांत वितात. जुलै ते ऑक्टोबर ह्या काळांत ते उत्तरेस मारा नदी ओलांडतात. एप्रिल-मे हे मोठ्या पावसाचे महिने टाळावे. मणी, कापड, तार, कांहींच लागत नाहीं. भारवाहीहि कोठें दिसत नाहीं.

दिसतो तो एकाच ठिकाणीं. ५,८९५ मीटर उंचीच्या किलिमांजारोवर मोटार चढत नाहीं, आणि परवानाधारक वाटाड्यावांचून कोणास चढूं देत नाहींत. हान्स मेयर व लुडविग पुर्टशेलर हे इ. स. १८८९ सालीं त्याच्या माथ्यावर प्रथम पोंचले. त्या मोहिमेंत आपण होतों असें सांगणाऱ्या योहानी लौवो ह्या चागा जमातीच्या वृद्ध वाटाड्याचा गौरव व्हावयास १९८९ साल उजाडावें लागलें. आजहि एका गिर्यारोहकामागें तीन-चार हमाल असतात. उद्यानाच्या दारांत प्रत्येकाचें ओझें कांट्यावर टांगून मोजतात. २० किलोंहून अधिक भरल्यास काढून ठेवावें लागतें. जुने दोन फ्रासिले सुमारें ३२ किलो होत. मोजणी झाली कीं हे हमाल वाट सोडून कडेनें झपाट्यानें पुढें जातात, आणि दमलेले पाहुणे संध्याकाळीं पडावावर पोंचतात, तेव्हां तंबू उभे राहिलेले असतात व चहाचें पाणी उकळत असतें.